घडवून पाहिल्याशिवाय नाही

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी डोंबिवलीतल्या आमच्या मुक्त सॉफ्टवेअर गटाने बैठकीचा हॉल सोडला. तो हॉल अ‍ॅडमिनकाकांनी मिळवून दिला होता.

काका एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. गटाचा सर्व्हर सांभाळत, म्हणून हे नाव. कोणी 'प्रोग्राम चालत नाही' म्हटलं की ते विचारत: काय व्हायला हवं होतं, काय झालं, पुन्हा तसंच होतं का. बिघाड स्वतः घडवून पाहिल्याशिवाय तक्रार निकाली काढत नसत. निवडणूक, जात, धर्म यांवरचे मेसेज मात्र न वाचता उडवत. "घरी भांडा रे, इथे कोड लिहा," म्हणत.

हॉल एका ज्ञाती मंडळाचा. काकांचे मेव्हणे तिथे विश्वस्त, म्हणून फुकट. चहा आम्ही पाळीपाळीने करायचो. कोपरीच्या बौद्ध कुटुंबातली सुजाता गटात नवीन होती. तिची पाळी आली तेव्हा हॉलच्या व्यवस्थापकाने तिला पूर्ण नाव विचारलं. मग म्हणाला, "ताई, तुम्ही बसा. आत आमची माणसं करतील." त्याआधी आमच्यापैकी कोणाला अडवलं नव्हतं.

गटाने हॉल सोडावा आणि का सोडला ते जाहीर लिहावं, नाहीतर मी येणार नाही, असं सुजाताने कळवलं. काकांचं म्हणणं, हे राजकारण झालं, आपला गट तांत्रिक आहे. तेव्हा तिने त्यांच्याच पद्धतीने तक्रार नोंदवली. ज्याची पाळी त्याने चहा करावा. मला अडवलं. पुन्हा होतं का, ते तुम्ही बघा.

पुढच्या बैठकीला काका आधी एकटे स्वयंपाकघरात गेले. कोणी काही विचारलं नाही. मग तेवढ्या पडताळणीपुरत्या आलेल्या सुजाताची परवानगी घेऊन त्यांनी तिला आत पाठवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. व्यवस्थापकाने तिला पुन्हा बाहेर बसवलं. काकांनी तक्रारीखाली लिहिलं, 'पडताळलं.'

हॉल सोडायला त्यांचा विरोध उरला नाही. निवेदनाला होता.

"हे बरोबर आहे गं. पण उद्या कशावर बोलायचं, कशावर नाही, ते कोण ठरवणार?"

"काका, आजपर्यंत कोण ठरवत होतं?"

काका म्हणाले, "मीच."

मतदानात त्यांनी हात वर केला नाही. ठराव मंजूर झाला. निवेदन त्यांनीच संकेतस्थळावर चढवलं आणि सर्व्हरचा पासवर्ड सुजाताला दिला. त्यानंतर ते बैठकीला आलेले नाहीत. सर्व्हर अडला की सुजाता त्यांना फोन करते. ते उचलतात.