दुबईच्या जाहिरातीवर सारजाचं बोट

माझा मूर्खपणा मीच आधी सांगून टाकते, नाहीतर नात सांगेल आणि ती तिखटमीठ लावून सांगते. मी अख्ख्या एकोडीला, म्हणजे आमच्या गावाला, माझ्या व्हिडिओंवरच्या जाहिराती दाबायला लावल्या होत्या.

आमचे हे वारल्यावर मुलगा मला पुण्याला घेऊन निघाला. वरठीच्या फलाटावर सारजा, माझी लग्नापासूनची शेजारीण, गळ्यात पडून रडली. मीही रडले, आणि गाडी सुटताच खिडकीच्या जागेवरून डब्यातल्या एकीशी भांडलेसुद्धा. आणि सारजा, अशी ती बाई! 'रोवण्याले येजो व' असं खालून ओरडत होती, जणू गाडी तिच्या बापाची.

पुण्यात पाय ठरेनात. बाल्कनी, ओटा, लिफ्टचं दार, पुन्हा बाल्कनी. तिकडे रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली असेल, या विचारानं बोटं शिवशिवायची. मुलाला 'तिकीट काढ' म्हणायला जीभ रेटेना. 'आई, आता तिथं कोण आहे आपलं?' असं तो एकदा सहज म्हणून गेला होता. म्हटलं, आपल्या कमाईनं जाऊ, कुणाला विचारणं नको.

मग सईनं, म्हणजे नातीनं, मला चॅनेल काढून दिलं. मी भाजी करायची आणि भाजीशी भांडायचं, एवढाच कार्यक्रम. लोक पाहू लागले. पण फुकट पाहणाऱ्यांतून कमाई कशी, ते मला कळेना. सई म्हणाली, कुणी महिन्याची वर्गणी घेतं, कुणी दुसऱ्याचा माल विकून दलाली कापतं, आणि फुकट दाखवणारे जाहिरातींवर जगतात. मला मोहाडीच्या बाजारातला सापवाला आठवला. साप फुकट, गर्दी जमली की दंतमंजन काढायचा.

"म्हणजे मी साप?" मी विचारलं.

"आणि कुणी जाहिरात दाबली की थोडे पैसे तुलाही," सई हसत म्हणाली.

एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. आमच्याकडे रोवणीला आज तुझ्या बांधीत, म्हणजे भाताच्या वाफ्यात, उद्या माझ्या बांधीत, असं सगळ्या बाया मिळून वाकतात. मी गावात फोन लावले: बायांनो, यंदा माझी बांधी मोबाइलात आहे. बाया इमानदार! जेवणं झाली की ओळीनं बसून दाबायच्या. सारजा रोज दुबईची सहल उघडायची, तिची सून पुण्यातले फ्लॅट. घेत कुणीच काही नव्हतं.

चॅनेलवाल्या कंपनीला ते दिसलंच. माझी जाहिरातींची कमाई बंद झाली. सई कपाळाला हात लावून म्हणाली, "आजी, याला फसवणूक म्हणतात. दर दाबण्याला दुबईवाला पैसे मोजतो, ते फुकट गेले ना!" मी ज्याला मदत समजत होते, त्याचा भुर्दंड तिसऱ्याच माणसाला पडत होता. शहाणी मी!

तुम्ही गावी राहिलेले हसाल. माझ्यासारखे निघून आलेले कदाचित हसणार नाहीत. तिकीट गेलं, रोवणी गेली, आणि माझ्या घरातल्या येरझाऱ्या पुन्हा सुरू झाल्या. शेवटी सारजाला फोन करून सांगितलं, आता दाबू नका. कमाई कशासाठी हवी होती, तेही तोंडातून निघून गेलं. तशी ती म्हणाली,

"काहून व, आमाले दाबाले सांगतानी तुले लाज नाही वाटली, आन पोटच्या पोराले टिकिट काढ म्हनाले वाटते? मंग परका कोन हाये, आमी का थो?"