पाच स्पीडब्रेकर

माझा नवरा सुधन्वा कुठलीही जुनी वस्तू टाकून देत नाही. मिक्सर, इस्त्री, सासऱ्यांचा ट्रान्झिस्टर, सगळं आमच्या घरात दुरुस्तीच्या रांगेत असतं. मानेसरच्या कारखान्यात दिवसभर गाड्यांचे नवे भाग तपासायचे आणि घरी येऊन जुन्यांशी संसार करायचा, असं त्याचं आयुष्य आहे. या रांगेत माझाही नंबर कधीतरी लागेल, असं मी गमतीनं म्हणायचे. यंदा तो लागला.

मार्चमध्ये मी बसलेली ऑटो खड्ड्यात आपटली आणि माझ्या कमरेतली चकती सरकली. ऑपरेशन झालं. अँब्युलन्समधून दिल्लीतल्या द्वारकेला घरी येताना रस्त्यातला प्रत्येक स्पीडब्रेकर माझ्या मणक्यातून गेला. त्यानंतर मी कुठल्याही वाहनात बसले नाही. डॉक्टर म्हणाले, जखम भरली आहे, खुशाल बसा. त्यांचं काय जातं सांगायला? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि मी तर ताकाकडे बघायचंच सोडलं होतं. टॅक्सीचं दार उघडलं की मी मागं वळायचे. मला भीती वाटत होती, हे मी कबूल करते.

त्यातच माझ्या भावाला, अंशुमनला, लग्नानंतर खूप वर्षांनी मुलगी झाली. बारसं ठरलं दसऱ्यानंतरच्या रविवारी, आर. के. पुरमला त्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि त्या बाळाला आत्या एकच, मी. बारसं द्वारकेला करू, असं अंशुमन म्हणाला होता. पण आई त्याच्याकडे अंथरुणाला खिळलेली. तिला तिथं ठेवून तिच्या नातीचं बारसं इकडे करायचं? मी नाही म्हटलं. मग तू ये, तो म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुधन्वा खाली पार्किंगमध्ये गेला आणि त्यानं गाडीवरचं कापड काढलं.

ही गाडी म्हणजे आमच्या घराण्याचा पांढरा हत्ती, फक्त रंगानं लाल. सासरे जपानमधल्या भारतीय वकिलातीत हिशेबनीस होते. नव्वद सालानंतर परतताना त्यांनी तिकडची एक वापरलेली स्पोर्ट्स कार आणली. आता दिल्लीच्या नियमानं तिचं वय उलटून गेलं आहे. सोसायटीच्या गेटबाहेर तिला काढता येत नाही. पण तिच्यात एक करामत होती. चाकांचे धक्के झेलणाऱ्या चारही शॉकरच्या डोक्यावर एकेक छोटी मोटर. डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की त्या मोटरी आतली कळ फिरवायच्या आणि गाडी हवी तशी कडक नाही तर मऊ व्हायची. कित्येक वर्षं हे सगळं बंद होतं आणि गाडी बैलगाडीसारखी कडक झाली होती.

"ही मऊ झाली ना कल्पना, तर बुडाखाली रस्ता आहे हेसुद्धा कळत नाही," तो वर येऊन म्हणाला. "आपल्या सोसायटीच्या फेरीत पाच ब्रेकर आहेत. या गाडीतून पाच पार कर. मग टॅक्सीत बसायची हिंमत येईल."

"आणि नाही पार झाले तर?"

"तर मी स्वतः अंशुमनला सांगतो की आत्या येणार नाही. परत विषय नाही काढणार."

ओळखीच्या गॅरेजवाल्यानं त्याला वेड्यात काढलं. "सर, ये सब निकाल के फेंको, सिंपल शॉकर डाल दो." पण साधे शॉकर कडक असतात. सुधन्वानं सीटखालचा कंट्रोलचा डबा वर आणला. आतले कपॅसिटर गळून सर्किटची पट्टी सडली होती. ती त्यानं जेवणाच्या टेबलावर भिंग लावून तारेतारेनं जुळवली. त्या दिवसांत टेबलाजवळ शिंकायची बंदी होती. एकदा मी कोथिंबीर निवडायला बसले, तर एक पान तिकडे उडालं म्हणून तो माझ्यावर असा खेकसला की मी दोन दिवस अबोला धरला.

नवरात्र बसलं तेव्हा चारही मोटरी फिरायला लागल्या. त्यानं शेजारच्या सीटवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि सोसायटीत फेरी मारली. मी बाल्कनीतून बघत होते. तांब्या वर आला तेव्हा सीटवर थेंबही नव्हता. मी "अच्छा" एवढंच म्हणाले. आता सबब उरली नव्हती.

पुढची उजवी मोटर थोडी कुरकुरत होती, म्हणून त्यानं चारही परत काढून, उघडून ग्रीस भरलं. तेवढ्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. सुधन्वानं पाटावर पक्कड, पाने, सोल्डरिंगची कांडी आणि अजून झाकण न लावलेल्या मोटरी मांडल्या. हळद-कुंकू वाहिलं. डोळे मिटून, माझ्यासाठीच असेल, काहीतरी पुटपुटला आणि मूठभर अक्षता टाकल्या.

दसऱ्याला सकाळी त्यानं मोटरी बसवल्या, गाडीला झेंडूची माळ घातली, एक माळ आत डॅशबोर्डवर लावली. दुपारी मी खाली उतरले. दाराशी पाच मिनिटं नुसती उभी होते. तो घाई करत नव्हता, पण त्याच्या कपाळावर घाम होता.

"चलो," मी म्हणाले आणि बसले.

पहिला ब्रेकर आला. मी डोळे मिटले, दाताखाली पदर धरला. गाडी वर गेली, खाली आली. काही झालं नाही. दुसराही तसाच. माझा श्वास जरा मोकळा झाला. तिसऱ्याला मात्र चांगलाच धक्का बसला. कळ आता उठेल, पायात उतरेल, म्हणून मी वाट बघत राहिले. उठली नाही. भीतीमुळेच तसं वाटलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सुधन्वा डॅशबोर्डवरची माळ सारखी करत होता.

"थांबवू?" त्यानं विचारलं.

"नको. एकदाचं होऊन जाऊ दे."

चौथ्याला दात दातांवर आपटले. पाचव्याला डिकीतला स्टेपनीचा पाना खणखणला. आमच्या टॉवरखाली गाडी थांबली तेव्हा मी दोन्ही हातांनी कंबर चाचपली. घामानं ओली होती, बाकी शाबूत. सुधन्वा स्टिअरिंग धरून तसाच बसला होता. पाच ब्रेकर मी पार केले होते आणि तोंड त्याचं उतरलं होतं. मला ते विचित्र वाटलं. माळ सारखी करायला हाच मुहूर्त होता का, असा विचार आला आणि मी माळ उचलली.

खाली पिवळा दिवा उघडझाप करत होता.

हा दिवा मला ठाऊक होता. दुरुस्ती सुरू झाल्यापासून त्याच्याबद्दल ऐकत होते. एक मोटर अडकली की तो लागतो आणि चारही शॉकर कडक होतात.

"केव्हापासून?"

"दुसऱ्या ब्रेकरनंतर."

"म्हणजे पुढचे तीन..."

"बैलगाडी."

मी संतापले. काही झालं असतं तर? तो खाली मान घालून म्हणाला, "तिथं थांबवलं असतं, तर तू जन्मात परत बसली नसतीस. मी फार घाबरलो होतो गं. तू प्रत्येक वेळी ओरडशील म्हणून वाट बघत होतो."

ते ऐकून माझा राग अर्धा उतरला.

त्यानं बॉनेट उघडून पुढची उजवी मोटर काढली, झाकण फिरवलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. मग चिमट्यानं काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. दातऱ्यांत चिरडलेला, ग्रीसनं माखलेला, एका बाजूनं अजून कुंकवाचा लाल असलेला तांदळाचा दाणा.

"कोथिंबिरीच्या पानावरून दोन दिवस..." मी सुरुवात केली.

"हो," तो म्हणाला.

मी तिथंच, गाडीला टेकून, अंशुमनला फोन लावला. मागं आई कोण आहे, कोण आहे म्हणून विचारत होती. मी म्हटलं, तिला सांग, रविवारी येतेय. अंशुमन घाईघाईनं म्हणाला, "ताई, मी टॅक्सी पाठवतो. मोठीवाली, एकदम आरामाची बघतो. कुठली पाठवू?"

"कुठलीही," मी म्हणाले. "मिळेल ती."