डांबरगोळ्या आणि ढावलो

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात अभिलेख विभागात नोकरी केली. आखाडा बाळापूरहून रोज एसटीने जायचे. विभागात लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या होत्या, मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे होते, निजामाच्या काळातली उर्दू दप्तरं होती. आणि कोपऱ्यात एक कपाट कॅसेटींचं. गावोगावच्या बायकांकडून ध्वनिमुद्रित करून आणलेली गाणी त्यात असायची. ते कपाट माझ्याकडे होतं.

नव्वदच्या दशकात आम्ही सेनगावकडच्या एका बंजारा तांड्यावर ढावलो ध्वनिमुद्रित करायला गेलो. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीने घरच्या एकेकाच्या गळ्यात पडून रडत म्हणायचं गाणं. लग्नाआधी जाणत्या बाया तो नवरीला शिकवतात. त्या तांड्यावर शिकवणारी एक म्हातारी होती. मशीन मांडून झालं, तर ती म्हणाली, "नवरी कुठं हाय?"

"नवरी नाही. नुसता म्हणून दाखवा."

"नवरी न्हाई तर गळ्यात कुणाच्या पडू? तुमच्या मशीनीच्या?"

आमच्यात बाई मी एकटी. तिने मला हाताला धरून समोर बसवलं. मी सांगितलं, माझं लग्न झालंय, दोन लेकरं आहेत.

"मंग तर तुला बराबर माहीत असंल, काहून रडायचं ते."

बाया हसल्या. म्हातारीने माझ्या डोक्यावर ओढणी टाकली, गळ्यात हात टाकला आणि सुरू झाली. मान अवघडली, पण कॅसेटची पहिली बाजू संपेपर्यंत मी हलले नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, दोन हजार साल उलटून गेल्यावर, त्या म्हातारीची सून विभागात आली. सोबत लग्नाला आलेली मुलगी.

"पोरीचं लगीन आलं, बाई. सासू तर गेली. आमच्या घरचा ढावलो तिलाच पुरा येत होता, मला निम्मा बी येत न्हाई. तांड्यावर आता लग्नात डीजे लावून राहिले. पोरगी म्हणते, मी आजीचाच म्हणणार. तुमी मशीनीत भरून नेला होता ना?"

म्हटलं, आहे. दुसरी प्रत मात्र नव्हती. कपाट उघडलं, कॅसेट काढली, तर ती डबीतून निघेना.

आमच्याकडे कपाट दिसलं की डांबरगोळ्या टाकायची रीत होती. पोथ्यांना त्या चालायच्या, म्हणून कॅसेटींनाही टाकत गेले. दर पावसाळ्याआधी मूठभर. त्या वासाने प्लास्टिक मऊ पडून चिकट झालं होतं. डबी फोडून कॅसेट काढली, पण चाकं फिरेनात. मशीनमध्ये घातली असती तर फीत तुटली असती.

सून बघत होती. "खराब झाली का?"

"बघते," मी म्हटलं. खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता.

तसलीच एक कोरी कॅसेट घेतली. छोट्या पेचकसाने दोन्ही उघडल्या. जुनीचं प्लास्टिक बोटांना लागत होतं, आतली फीत मात्र कोरडी होती, कुठे चिकटली नव्हती. दोन्ही गुंडाळ्या अलगद उचलून नव्या खोक्यात ठेवल्या, स्क्रू बसवले, पेन्सिल घालून फीत पुढेमागे फिरवली. ती फिरली. मग मशीनमध्ये घालून बटण दाबलं.

आधी खरखर. मग म्हातारीचा आवाज, पण गाण्याचा नव्हे. कुणाला तरी ती त्यांच्या गोरमाटी बोलीत चांगलीच झाडत होती.

सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. "मलाच बोलून राहिली. भाकर करपली होती त्या दिवशी."

मग ढावलो लागला. पहिली बाजू अख्खी वाजली, कुठेही अडकली नाही. ती संपल्यावरच मी खुर्चीला पाठ टेकली आणि चहा मागवला.

दोन प्रती केल्या, एक त्यांना, एक कपाटाला. सुनेला विचारलं, सुरुवातीचं काढून टाकू का?

"राहू द्या. ढावलो पोरीला, शिव्या मला."

त्या गेल्यावर लगेच सगळ्या डांबरगोळ्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या आणि बाकीच्या कॅसेटी उघड्या मांडून ठेवल्या. संध्याकाळच्या हिंगोलीच्या एसटीत त्या दोघी पुन्हा भेटल्या. माझ्यापुढच्याच बाकावर होत्या. गाडी गावाबाहेर पडली तसा मुलीने आईच्या गळ्यात हात टाकला आणि आठवेल तेवढा ढावलो म्हणायला लागली, हुंदक्यांसकट. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. कंडक्टर तिकिटं सोडून मागे आला.

"काय झालं, मावशी? पोरगी काहून रडून राहिली?"

"रडून न्हाई राहिली," आई म्हणाली. "शिकून राहिली."

बाळापूर येईपर्यंत पोरीची दोन कडवी बसली होती.