विकायला निघालेली गाडी

मित्रहो, आज सकाळी आमची जुनी कॅम्पर व्हॅन विकायला डोंबिवलीहून घोडबंदर रोडला निघालो होतो. "अहो, आता आपल्याला झेपत नाही," हा माझ्या बायकोचा, सुमनचा हुकूम.

घोडबंदरला नेहमीचा ट्रॅफिक. शेजारच्या रिक्षात एक तरुण आई आणि उन्हानं रडून लालबुंद झालेलं तान्हं बाळ. सुमननं दार सरकवलं. "अगं, आत ये. पलंग आहे, पडदा आहे. निवांत पाज त्याला."

रडणं थांबलं. सुमननं मागच्या शेगडीवर चहा टाकला, रिक्षावाल्यालाही दिला. आल्याचा वास दरवळला आणि सगळे हॉर्न मला लांबच्या समुद्रासारखे ऐकू येऊ लागले.

"मावशी, माहेरी आल्यासारखं वाटतंय हो," पडद्याआडून आवाज आला.

तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन. सुमननंच उचलला. "आज नाही जमायचं. गाडीत बाळ झोपलंय."

"मग उद्या जायचं का?" मी हळूच विचारलं.

"उद्याही कुणीतरी झोपेल. तुम्ही पुढं बघा!"

वापरा आणि फेका हा या काळाचा धर्म असेल, तर आम्ही दोघं आजपासून नास्तिक! तुमच्या दारात अजून कुणाला सावली देईल असं काय उभं आहे?