साहेबाची झोप

सयाजी निवृत्त झाला त्या दिवशी लाईनवरची पोरं रडली, तो रडला नाही. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली, आणि त्याच्या डोक्यात एवढंच की पाचची बस चुकायला नको. तेवढ्यात भैरू, म्हणजे त्याच्या शेजारच्या मशीनवरचा धाकटा जोडीदार, एक झाकलेला पिंजरा घेऊन पुढे आला. निरोपाला घड्याळ द्यायची रीत होती. पण घड्याळ तर भाऊंच्या अंगातच आहे, असं म्हणून ग्रुपने पक्षी आणला होता. अंगाने करडा, गालावर केशरी ठिपके, डोक्यावर तुरा. कॉकटील म्हणतात त्याला. आपला हिरवा पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे. हा परदेशातला, म्हणून चालतो.

"घ्या भाऊ," भैरू म्हणाला, "आजवर साहेब तुमच्या डोक्यावर बसला. आता तुम्ही साहेबाला पिंजऱ्यात बसवा."

सगळे हसले. नाव साहेबच पडलं.

चाकणच्या त्या कारखान्यात सयाजीने तीसेक वर्षं ग्राइंडर धरला होता. हादरे खाऊन खाऊन बोटांची टोकं बधिर झालेली. तव्यावरची भाकरी हाताने उलटायचा आणि चटका बसल्याचं त्याला कुसुमताई, म्हणजे त्याची बायको, सांगायची. बधिरपणा बोटांवरच थांबला की वर चढला, कोण जाणे. सख्खा भाऊ गेला तेव्हा गावी परांड्याला जाऊन खांदा देऊन आला आणि दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्टला हजर झाला. वाईट वाटलं का, असं कुणी विचारलंच तर म्हणायचा, "वाटलं असंल."

आता निवृत्त माणसाने रात्री झोपावं, सकाळी उठावं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दर रविवारी हा भैरूला फोन करणार.

"आपल्याला काय लागली रं?"

"नाईट, भाऊ."

झालं. तो आठवडा सयाजी घरात नाईट करायचा. संत तुकाराम नगरात त्यांची एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत रात्रभर ट्यूबलाईट, आवाज बंद केलेला टीव्ही, आणि खुर्चीत सयाजी. दिवसा खिडकीला जाड काळा पडदा ओढून चार-पाच तासांची झोप. पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, म्हणजे पहाटे चारला उठून, दाढी करून, कुठेच न जाता बसणं. कुसुमताईचा जन्म या शिफ्टवर डबे भरण्यात गेला होता. ती आत स्वयंपाकघरात पाठ करून झोपायची. बोलून उपयोग नसतो हे तिला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं.

आणि ज्या घरात तीन शिफ्ट, त्या घरात पक्ष्यालाही तीन शिफ्ट. सयाजी जागा तर साहेबाचा पिंजरा उघडा, सयाजी झोपला की पिंजऱ्यावर चादर. यात काही चुकतंय असं त्याच्या मनातही आलं नाही. त्याची पोरंसुद्धा याच हिशोबात वाढली होती.

साहेब त्याच्या मागे लागला, हे मात्र खरं. हातावर यायचा, मनगटाच्या मागच्या बाजूला पोट टेकून बसायचा. बोटांना काही कळत नव्हतं, पण मनगटाला ती ऊब कळायची. सयाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा तसा तो शेपूट वर करून, डोळे अर्धे मिटून बारीक चिंचिं करायचा. त्याने कंपनीच्या सेफ्टी शूजचं रिकामं खोकं पिंजऱ्यात ठेवून दिलं, आत फडकं घातलं. साहेब तासन्‌तास त्यात जाऊन बसे.

माघ सरता सरता साहेब बिघडला. खोक्याजवळ हात नेला की चावायचा, पुठ्ठ्याच्या चिंध्या करायचा, दुपारभर किंचाळायचा. एकदा कुसुमताईच ओरडली, "अहो, रक्त बघा." बोट फाटलं होतं. सयाजीला कळलंच नव्हतं. मग एका सकाळी खोक्यात अंडं सापडलं. पांढरं, बोराएवढं.

"बाईमाणूस निघाला तुमचा साहेब," कुसुमताई म्हणाली.

नाव बदलायचा कंटाळा केला. साहेबाने आणखी एक अंडं घातलं, मग आणखी. सयाजी तिला पाव भिजवून घालू लागला, पाठीवरून जास्तच हात फिरवू लागला. बाळंतिणीची करतात तशी काळजी. आणि होळीच्या सुमारास एका सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसलेली दिसली. डोळे मिटलेले, शेपूट श्वासागणिक वर-खाली.

तिला खोक्यात ठेवून, खोकं मांडीवर घेऊन दोघं रिक्षाने पक्ष्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर नेहा, मुलीच्या वयाची. तिने बोटाने पोट चाचपलं.

"अंडं अडकलंय. असंच राहिलं तर जगणार नाही."

इंजेक्शन दिलं, गरम दिव्याखाली ठेवलं. दुपारी अंडं सुटलं, मऊ कवचाचं, दबलेलं. साहेब मान टाकून पडून होती. मग डॉक्टरने चौकशी सुरू केली.

"काका, ही रात्री झोपते किती?"

"ते आठवड्यावर हाय," सयाजी म्हणाला. "ह्या आठवड्यात नाईट हाय."

"कुणाची?"

"आमची."

"हे दिवाळीला रिटायर झालेत," कुसुमताई म्हणाली, आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "काका, उजेड वाढला की पक्ष्याच्या अंगाला वाटतं, घरटं करायचे दिवस आले. मग ती चिडते, चावते, अंडी घालते. दिवस लहान झाले की शांत होते. पण तुमच्या घरी दिवस मावळतच नाही. त्यात खोकं दिलंत, मऊ खाणं दिलंत. तिला वाटतं संसार मांडलाय. पाठीवरून हात फिरवता का?"

"फिरवतो. तिला आवडतं."

"आवडणारच. ती तुम्हाला नवरा समजते."

"बघा," कुसुमताई म्हणाली. "माझ्या पाठीवर कधी हात पडला नाही. नशीब एकेकीचं."

डॉक्टर हसली नाही. "पुन्हा अंडी सुरू झाली तर तिच्या हाडातलं बळ संपेल. खोकं काढा. पाठीला हात लावायचा नाही, फार तर डोक्याला. आणि रोज बारा तास अंधार. संध्याकाळी सात म्हणजे सात. आठवडा कुठलाही असो."

"म्हणजे ती माझ्याशी असं वागायची, ते आजारपण व्हतं?"

"आजार नाही म्हणता येणार. ऋतू म्हणा. पण न संपणारा."

परतताना सयाजी रिक्षात एकदाच बोलला. "खोकं कुठं टाकायचं?"

"कचऱ्यात," कुसुमताई म्हणाली.

एकच खोली. तिच्यात अंधार म्हणजे सगळ्यांनाच अंधार. सातला पिंजऱ्यावर चादर, खिडकीला पडदा, टीव्ही बंद. कुसुमताई आपली मालिका स्वयंपाकघरात मोबाईलवर, कानात इअरफोनची बोंडं घालून बघू लागली. सयाजी अंधारात खुर्चीत बसायचा. पहिले काही दिवस साहेब चादरीआड किंचाळली, तारा चावल्या. त्याचा हात दोनदा चादरीपर्यंत गेला.

"हात मागं घ्या," दारातून आवाज आला.

त्याने घेतला. बसून बसून कधीतरी खुर्चीतच डोळा लागायचा. मग तो खाटेवर जाऊन पडायला लागला. बरं वाटत होतं का? ते त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याला माहीत असेल असंही नाही.

उन्हं तापेपर्यंत अंडी थांबली. साहेब दाणे नीट खाऊ लागली, पिसांवर तजेला आला. चावणं गेलं, किंचाळणं गेलं. शेपूट वर करणंही गेलं. आता बोट पुढे केलं तर रीतसर त्यावर चढायची आणि तोंड खिडकीकडे करून, खालच्या रिक्षांना शीळ घालत बसायची. मनगटावर पोट टेकून परत कधी बसली नाही.

"बायको पळाली तुमची," कुसुमताई म्हणाली.

"बरी हाय न्हवं. मग झालं."

एका रविवारी फोन वाजला. भैरू होता. "भाऊ, लै दिवस झाले, फोन न्हाई तुमचा. मीच म्हणलं कळवावं. आपल्याला नाईट लागलीया."

सयाजीने पिंजऱ्याकडे पाहिलं. साहेब त्याच्याकडे पाठ करून पिसं साफ करत होती.

"तुमाला लागली," तो म्हणाला. "मला आता रोज एकच हाय."

"असं कसं, भाऊ?"

"असंच."

फोन ठेवून त्याने मनगट पिंजऱ्याच्या तारांना टेकवलं. ती आली नाही. थोड्या वेळाने त्याने हात काढून घेतला, चादर सोडली, पडदा ओढला.

"अगं, तुझं आत व्हायचंय का काय?" त्याने विचारलं.

"झालं. करा बंद."

त्याने दिवा बंद केला.