आमचे मामंजी, पोलादपूरचे कंट्रोलर

आमच्या घरी ताटं वाढून झाली की घोषणा व्हायची. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पडवी ते स्वयंपाकघर ही गाडी पाटावर लागलेली आहे. भात गार होत असल्याने गाडी वेळेवर सुटेल." नवी नवरी म्हणून तुडीलला आले त्या दिवशी ही घोषणा ऐकून मी घुंगटासारखा धरलेला पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. बाकी कोणी हसलं नाही. त्यांना सवय होती.

मामंजी म्हणजे माझे सासरे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, त्यातली बरीच वर्षं पोलादपूर स्टँडवर. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत. निवृत्तीनंतर माइक सुटला, सवय सुटली नाही. त्यांच्या दोन भाषा होत्या. घोषणेची मराठी पुस्तकातली. बाकी सगळा वेळ तुडीलची. कौतुक करणं दोन्हींत जमत नसे. मी केलेलं कालवण कितीही आवडलं तरी शेरा एकच, "बरं हाय." चहा मात्र दुसऱ्याच्या हातचा चालायचा नाही, आणि त्यांच्या हातचा आम्हाला गिळवायचा नाही, इतका कडक.

लग्नाला सहा वर्षं होत आली तेव्हा माझा नवरा, प्रशांत, आजारपणात गेला. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. घरात उरलो आम्ही तिघं: मामंजी, मी आणि चार वर्षांची आरोही. मी बिरवाडीजवळच्या एका कारखान्याच्या विक्री विभागात पत्रव्यवहार बघायचे. साहेब बाहेर फिरून माल विकायचे, मी आत बसून त्यांची पत्रं टाइप करायचे. काही वर्षं गेली आणि मला वाटायला लागलं, हे मलाही जमेल. त्या भरात आयर्लंडच्या एका कॉलेजचा अर्ज भरला. मार्केटिंग आणि व्यवसाय व्यवस्थापन, दीड वर्षाचा अभ्यासक्रम, शेवटचे सहा महिने तिथल्याच एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम. आणि शिष्यवृत्तीसकट निवड झाल्याचं पत्र आलं.

जायचं माझ्या मनात नव्हतंच. एका रविवारी आम्ही दोघं बिरडं सोलत बसलो होतो, तेव्हा गंमत म्हणून त्यांना सांगितलं.

त्यांचा हात थांबला. "मग नाय म्हणून कळवलंस?"

"अजून नाही. कळवते उद्या."

"का?"

"का म्हणजे? आरोही केवढी आहे!"

"सात वर्षांची हाय. मला म्हायत हाय." आणि पुन्हा वाल सोलायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या पत्राचं मराठी करून दे मला. सगळं. बारीक अक्षरातलं पण."

मी दिलं. त्यांनी ते तीन दिवस वाचलं. मग मुंबईहून माझ्या दिराला बोलावून घेतलं.

दीर आले ते तापूनच. "बाबा, जरा प्रॅक्टिकल विचार करा. वहिनी दीड वर्ष बाहेर, इथं मुलीला बघणार कोण? खालीपिली टेन्शन. आणि भावकी काय म्हणेल?"

"मी हाय ना."

"तुम्ही?"

"मग मी काय भिंतीवरचा फोटो हाय?" मामंजी म्हणाले. "तुमच्या वेळी ड्युटीवर होतो. तुम्ही दोघं कधी मोठे झालात ते मला कळलं नाय. आता मोकळा हाय. मला एक पोर वाढवून बघू दे."

  आयुष्यभर लोकांना गाडीची वेळ सांगणाऱ्या माणसानं स्वतःबद्दल असं काही बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी गेले. पहिले चार महिने रडण्यात गेले. रोज माझ्या दुपारी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉल. शेजारच्या काकींकडून मामंजी वेणी घालायला शिकले होते. सुरुवातीला आरोहीची एक वेणी कानापाशी आणि एक मानेवर असायची. "सकाळी घाई होती," असं ते म्हणायचे. महिनाभरात दोन्ही वेण्या एका उंचीवर आल्या. मला बरं वाटायला हवं होतं. त्या दिवशी मी जास्तच रडले.

खरी अडचण आली ती प्रत्यक्ष कामाच्या वेळी. कंपनी ज्याची त्यानं शोधायची होती. ठरल्या मुदतीत मिळाली नाही तर पदवी हुकणार, साधी पदविका घेऊन घरी परतायचं. वर्गातली सगळी मुलं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलण्यात चटपटीत. त्यांना एकेक करत जागा मिळाल्या. मला नकार येत राहिले. तीन आठवडे उरले तेव्हा मी मामंजींना स्पष्ट सांगितलं, बहुतेक मी परत येतेय.

त्यांनी धीर वगैरे दिला नाही. विचारलं, "तिथं गावोगाव एसटी नाय काय?"

होती. आमच्या कॉलेजच्या शहरातून आसपासच्या खेड्यांत बस चालवणारी एक लहान कंपनी होती, आणि प्रवासी घटल्यामुळे तिच्या दोन-तीन गाड्या बंद व्हायच्या बेतात होत्या. माझ्या वर्गातल्या कोणी तिथं अर्जसुद्धा केला नव्हता. मी केला. मुलाखतीत तिथल्या व्यवस्थापक बाईंनी विचारलं, लोक बसकडे पाठ का फिरवतात, असं तुला वाटतं? पाठ केलेलं सगळं त्या क्षणी विसरलं. आठवले मामंजी. मी म्हटलं, "माझे सासरे बस स्टँडवर होते. ते म्हणतात, गाडीला उशीर झाला म्हणून माणूस चिडत नाही. किती उशीर आहे ते कोणी सांगत नाही, म्हणून चिडतो."

बाई हसल्या. मग त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. मला काम मिळालं.

मामंजींना सांगितलं तर म्हणाले, "बरं हाय."

कामाला लागल्यावर मी प्रश्नावली केली आणि बसमधल्या प्रवाशांकडून भरून घेतली. सगळे समाधानी! मी आनंदानं मामंजींना वाचून दाखवली. ते वैतागले. "जे गाडीत चढले त्यांना काय विचारतेस गो? ते चढलेच हायत. जे चढले नाय त्यांना गाठ."

दुसऱ्या दिवसापासून मी गावागावात फिरले. औषधांच्या दुकानात, चर्चबाहेर, पोस्टाच्या रांगेत. वाऱ्यानं कान बधिर व्हायचे. म्हाताऱ्या बायका सांगायला लागल्या, गाडीची वेळ हल्ली फक्त मोबाइलवर कळते, आम्हाला ते जमत नाही. थांब्यावर जाऊन गारठण्यापेक्षा घरी बसतो. एवढी साधी गोष्ट होती, पण ऑफिसात कोणाला माहीत नव्हती. मोठ्या अक्षरांतलं छापील वेळापत्रक दुकानांत लावायचं आणि फोन केला तर माणसानं उचलायचा, अशी माझी योजना ठरली. दोन गावांत करूनही पाहिली. गाड्यांत पांढरी डोकी दिसायला लागली. शेवटी हे सगळं संचालकांपुढे मांडायचं होतं. त्यावरच गाड्या राहणार की जाणार, आणि माझे सहा महिने धरले जाणार की नाही, हे ठरणार होतं.

त्याच्या चार दिवस आधी मामंजींचा फोन आला. नेहमीची वेळ टळून गेली होती.

"नीट ऐक. आरोही साडेचारला पेरूवरून पडली. डावा हात मोडलाय, कोपराच्या वर. महाडला दवाखान्यात आणलीय, प्लास्टर झालंय. डोक्याला मार नाय, डॉक्टरांना मी दोनदा विचारलं. चूक माझी हाय. मी आत चहा करत होतो. आता तू सांग, येतेस की थांबतेस? दोन्हीची तयारी मी करतो."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना, मामंजी."

"मी नाय सांगणार."

मला त्यांचा भयंकर राग आला. थांब म्हणाले असते तर मी थांबले असते, ये म्हणाले असते तर निघाले असते. मी आरोहीला फोन द्यायला सांगितलं. ती गुंगीत होती. "आई, आजोबांनी प्लास्टरवर माझं नाव लिहिलंय. इंग्लिशमध्ये. स्पेलिंग चुकलंय." आणि हसली.

मी थांबले. संचालकांपुढे उभी राहिले आणि म्हाताऱ्या बायकांचं म्हणणं जसंच्या तसं मांडलं. गाड्या राहिल्या. मला तिथंच नोकरी मिळाली.

तिथं राहून काम करायच्या परवान्याचे कागद झाल्यावर आरोहीला न्यायला मी तुडीलला आले. तेव्हा त्यांना विचारलं, त्या दिवशी सांगितलं का नाही म्हणून. ते म्हणाले, "थांब म्हटलं असतं आणि पोरीचं काय वाकडं झालं असतं, तर जन्मभर तुझ्या मनात मी सललो असतो. मला ते नको होतं. मी पण माणूसच हाय."

मी त्यांना आमच्याबरोबर चलायचा आग्रह केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि आरोहीच्या बॅगेत कोकमाची पिशवी कोंबत राहिले. दीड वर्ष जिला न्हाऊ-माखू घातलं, जिच्या वेण्या घातल्या, तिची बॅग ते स्वतः भरत होते.

महाडजवळच्या वीर स्टेशनावर दीर आम्हाला मुंबईला न्यायला आले होते. गाडी यायला वेळ होता. आरोही काकाबरोबर बिस्किटं आणायला गेली तेव्हा मामंजी माझ्याजवळ येऊन बसले. रुळांकडे बघत म्हणाले, "बाय, एक बोलायचं होतं. तिकडं कोणी भला माणूस भेटला, तर प्रशांतचं नाव मधे आणू नकोस. माझं पण नको. पोर त्याच्याकडं हसत जाते काय, तेवढं बघ."

 मी वाकून पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग उठून, आरोहीच्या मागोमाग, बिस्किटांच्या टपरीकडे गेले.