पोरीला भेटायला शाळा आली

रडणं माझ्याच घराकून येऊन राह्यल्तं. मी मेडिकलच्या दुकानासमोर, हातात मीठ-साखरेच्या पावडरीच्या पुड्या, अन् आमच्या गल्लीतून कोणीतरी हेल काढला, "माझी चिमणी गंऽऽ, माझं सोनं गंऽऽ!" आमच्याकडं बाई हेल काढून कवा रडते? मयतीच्या घरी येते तवा. कोपऱ्यावूनच सुरू करते, म्हंजे घरच्यांला कळावं का कोण आलं ते. अन् घरात माझी पोरगी एकटी. डेंगूच्या तापात. सासूबाई कापूस येचायला गेल्त्या, मालक जालन्याला कंपनीत, अन् मी शहाणी दार लोटून "आलेच" म्हणून गेल्ते.

पळाले. पुड्या तशाच मुठीत. डॉक्टर सकाळीच म्हणले व्हते, पोटात पाणी गेलं पायजे, सांजपर्यंत लघवी झाली न्हाई तर थांबू नका, जालन्याला न्या. सकाळपासून झाली नव्हती. पळता पळता मला तेवढंच आठवत व्हतं, पाणी, पाणी, मी पाणी पाजलं न्हाई.

दारात बघते तर चपलाच चपला. लहान लहान, पायरीपासून नालीपर्यंत एका ओळीत. आत पोरीचा अख्खा दुसरीचा वर्ग युनिफॉर्ममधी उभा, हात जोडून, माना खाली. कोणी हूं न्हाई का चूं न्हाई. त्यांचे सर बी दाराशी, हात जोडून. मधी खाली माझी मावशी, टेंभुर्णीची, कपाळ बडवून राह्यली. मागं गल्लीतल्या बाया, पदर तोंडाला. अन् खाटेवर माझी पोरगी, डोळे मिटून, ताठ.

म्या सरांचा शर्टच धरला. "कवा गेली हो सर?"

सर म्हणले, "कोण?"

कोण! एवढं शिकलेला माणूस. मी खाटेवर पडले, कपाळाला हात लावला. चटका बसला. पोरीला ताप हाये म्हणून नाचावं वाटलं, अशी आई तुम्ही बघितली का? मी हाये.

मंग हळूहळू उलगडलं. शाळेत नवीन निघालं म्हणे, आजारी माणसाला भेटायला कसं जावं, ते लेकरांला शिकवायचं. सरांनी वर्गात एका पोराला सतरंजीवर झोपवून चार दिवस सराव घेतला. चपला बाहेर ओळीत काढायच्या. मोठ्यानं बोलायचं न्हाई. "कसं झालं, कामून झालं" विचारायचं न्हाई. झोपलेल्याला उठवायचं न्हाई. अन् सतरंजीवरल्या पोराला बघून झालं, आता खरं आजारी पायजे. गावात माझी पोरगी तयारच. सरांनी मालकांला फोन केला, मालक म्हणले, "या ना सर, चहाला या." मला सांगायचं त्यांच्या ध्यानातच राह्यलं न्हाई. घरात मी असते ना, मला काय सांगायचं.

तर सर आले, पोरगी झोपेत, घरात कोणी न्हाई. शिकवल्यापरमाणं सगळे बराबर शांत उभे राह्यले. बिलकुल बराबर. अन् तेवढ्यात पोरीला बघायला मोसंब्या घेऊन मावशी जीपमधून उतरली. कोपऱ्यावून तिला दिसलं, दाराला चपलांची रांग, लेकरं हात जोडून, मास्तर मान घालून. तिनं तिथंच हेल काढला. हेल ऐकून बाया निघाल्या. कोणी विचारलं न्हाई. अशा टायमाला विचारत असतेत का?

"जिती हाये?" मावशी डोळे पुसून म्हणली. "मंग हे पोट्टे असे कामून उभे?"

"मावशी, पेशंटसमोर शांत राहायचं असतं," सर म्हणले.

"आजाऱ्याच्या घरी कोणी शांत राहतं का हो मास्तर? मला वाटलं झालं सगळं!"

सर घाबरले असतील, त्यांनी लेकरांला खूण केली. अन् अख्खा वर्ग एका सुरात, "लवकर बरी हो, आम्ही तुझी वाट पाहतो!" त्याच सुरात माझ्याकडं वळून, "काकू, काही लागलं तर सांगा!" अन् निघाले. खरंच निघाले. चपला घातल्या अन् गेले. आजाऱ्याच्या घरून सांगितल्याबिगर उठलेली माणसं म्या पहिल्यांदा बघितली.

बाया कुठं उठतेत. मयत न्हाई तर न्हाई, आलोच हाओत तर बसू. एक म्हणली, "डेंगूच हाये ना? आमच्या भाचीला हाच झाल्ता, सकाळी बोलत व्हती अन् दुपारी..." दुसरी म्हणली, "आमच्या तिकडं तर दोन लेकरं." मावशीनं पुन्हा डोळ्याला पदर लावला, मोसंब्यांची पिशवी मांडीवर तशीच.

मी पावडर कालवली, चमचा पोरीच्या तोंडाला लावला. दात घट्ट. पाणी गालावून उशीवर. डोळे न उघडताच म्हणली, "मम्मी, मी मेले ना?"

"न्हाई गं बाई. हे बघ मी."

"मंग मावशीआजी कामून रडून राह्यली?"

अन् मावशी, तिला काय सांगावं, ते ऐकून जास्तच हुंदके द्यायला लागली. पोरीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

बायांला म्हणलं, उठा. गेल्या कुरकुरत. मंग म्हणलं, "मावशे, तू बी बाहीर बस जरा."

"मी?" मावशी म्हणली. "मी बाहीर?"

माझी माय मी रांगत असताना गेली. मला या मावशीनं वाढवलं, माझं लगन तिनं लावलं, दोन्ही बाळंतपणं तिनं केली. तिला म्या दंडाला धरून उंबऱ्याबाहेर केलं अन् आतून कडी लावली.

ती बाहेरून म्हणली, "तुला न्हाऊमाखू घातलं त्या हातावर दार लावतीस व्हय गं? इकती मोठी झालीस?" मोठ्यानं न्हाई म्हणली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी खाटेवर बसले. पोरगी दाराकडं बघत व्हती. मंग हळूच तोंड उघडलं. एक चमचा. गिळला. दुसरा. बाहेर मावशी म्हणली, "पाच मिन्टं वाट बघते, न्हाई तर परतीच्या जीपनं जाते. पाणी बी घेणार न्हाई तुझ्या घरचं." मी उठाय लागले, तर पोरीनं साडी धरली. "मम्मी, तिला नको घेऊ. ती रडली का मी मरते."

मी बसले. चमचा, चमचा. जीपचा हॉर्न वाजला, दोनदा, अन् गेली. मी उठले न्हाई.

सांजच्याला पोरीला लघवी झाली. मी न्हाणीच्या दारात उभी राहून रडले, आवाज न काढता, सरांनी शिकवल्यावाणी.

पोरगी आता शाळेत जाते. सर लेकरांला सांगतेत म्हणे, जायच्या आधी घरच्यांला फोन करा. लई मोठा शोध. मावशी माझा फोन उचलत न्हाई. सासूबाई म्हणतेत, दोन घोट पाण्यासाठी माय गमावली. गल्लीत म्हणतेत, घरी आलेल्याला हाकलणारी. मला अजून कळत न्हाई, दाराशी ती अन् माझ्या हातात तो चमचा. तुम्ही सांगा, तुम्ही असते तर कडी काढली असती?